पेनड्राईव्हवर कॉपी सुरुवातीला सुसाट आणि मग रखडते: नेमकं कुठे अडतंय ते कसं ओळखायचं

पेनड्राईव्हवर मोठा फोल्डर टाकायला घेतला की पहिले काही सेकंद स्पीड शंभर-दीडशे एमबी दाखवतो, आपल्याला वाटतं पाच मिनिटांत काम झालं, आणि मग तोच आकडा वीसवर येतो, आठवर येतो, मधेच शून्य होतो आणि उरलेला वेळ दोन तास दिसायला लागतो. हे एकदा नाही, दर वेळी होतं. लग्नसराईत स्टुडिओवाल्यांना पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, फोटो-व्हिडिओ द्यायचे असतात, शाळेच्या ऑफिसातून सगळे फोल्डर दुसऱ्या पीसीवर न्यायचे असतात, कुणाला मोबाईलमधला सगळा पसारा काढून ठेवायचा असतो, तक्रार सगळ्यांची हीच. आणि बहुतेक जण पहिला उपाय पण एकच करतात, पेनड्राईव्ह फॉरमॅट मारतात. त्याने बऱ्याच वेळा काहीच फरक पडत नाही, आणि आत एखादी गोष्ट फक्त तिथेच असली तर ती जाते. म्हणून आधीच सांगतो, फॉरमॅट सगळ्यात शेवटी.

स्लो होण्याची कारणं मोजकी आहेत आणि प्रत्येकाचं लक्षण वेगळं आहे. ते लक्षण बघितल्याशिवाय पोर्ट बदल, सेटिंग बदल, नवीन पेनड्राईव्ह आण असं करत बसलात तर वेळही जाईल आणि पैसेही.

तर पहिल्यांदा एक साधी टेस्ट करा. साधारण ३ जीबीची एकच मोठी फाईल घ्या, एखादा व्हिडिओ चालेल. ती पीसीच्या आतल्या एसएसडीवर असू द्या, बाहेरच्या हार्ड डिस्कवर नको, नेटवर्कवर नको, मोबाईलमध्ये तर नकोच. डेस्कटॉप असेल तर पेनड्राईव्ह मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डच्या पोर्टला लावा, मध्ये हब नाही, एक्स्टेन्शन केबल नाही, कॅबिनेटच्या पुढचा पोर्ट पण नाही. बाकी सगळ्या कॉपी बंद. आता फाईल टाका आणि विंडोजच्या कॉपीच्या खिडकीत 'मोअर डिटेल्स'वर क्लिक करा, म्हणजे हिरवा ग्राफ दिसेल. आपल्याला आकड्यापेक्षा त्या ग्राफचा आकार बघायचाय, अर्धं निदान तिथेच होतं.

ग्राफ वर जाऊन धाडकन खाली येतो आणि खालीच राहतो

हे सगळ्यात जास्त दिसतं, आणि यात पीसी बिघडलेला नसतो. सुरुवातीचा जो मोठा आकडा असतो तो पेनड्राईव्हचा खरा स्पीड नसतोच. त्यातला काही भाग कॉम्प्युटरच्या रॅमचा असतो, म्हणजे डेटा आधी रॅममध्ये जमा होतो आणि खिडकी म्हणते कॉपी झाली, प्रत्यक्षात तो अजून पेनड्राईव्हच्या चिपवर उतरायचाच असतो. दुसरा भाग पेनड्राईव्हचा स्वतःचा. आजकालच्या चिपमध्ये एका सेलमध्ये, म्हणजे डेटा ठेवायच्या बारक्या कप्प्यात, तीन बिट ठेवतात, काहींमध्ये चार, त्यामुळे जागा स्वस्तात मिळते पण लिहायला वेळ लागतो. म्हणून बरेच कंट्रोलर (पेनड्राईव्हच्या आतली, लिहिणं-वाचणं सांभाळणारी छोटी चिप) साठवणीच्या चिपचा थोडा भाग एकच बिट ठेवायला वापरतात, तिथे लिहिणं फास्ट होतं. तो भाग भरला की मग खऱ्या वेगाने लिहायला लागतं आणि तो वेग स्वस्तातल्या पेनड्राईव्हमध्ये सेकंदाला ५ ते १५ एमबी एवढाच असू शकतो, भले पाकिटावर यूएसबी ३ लिहिलेलं असो.

पाकिटावर जो मोठा आकडा छापलेला असतो ना, '१०० एमबी पर्यंत', '१५० एमबी पर्यंत', तो जवळपास नेहमी रीडचा असतो, म्हणजे पेनड्राईव्हमधून वाचायचा. राइटचा आकडा बऱ्याच पाकिटांवर छापतच नाहीत. हे नीट लक्षात ठेवा कारण अर्ध्याअधिक तक्रारी इथे संपतात. पेनड्राईव्हमधून पीसीवर फाईल पटकन येते पण उलटं टाकताना रडवते, असं असेल तर पोर्टही ठीक आहे, केबलही ठीक आहे, चिपच लिहायला स्लो आहे.

बरं, स्पीड मधेच शून्यावर का जातो? फ्लॅश चिपवर जुन्या डेटावर सरळ नवीन डेटा लिहिता येत नाही, आधी ती जागा पुसावी लागते. आणि लिहिणं होतं काही केबीच्या पेजमध्ये, पण पुसणं होतं शेकडो केबीच्या किंवा काही एमबीच्या अख्ख्या ब्लॉकमध्ये. पाटीवरचं एक अक्षर बदलायला सगळी पाटी पुसायची आणि बाकीचा मजकूर आठवून परत लिहायचा, तसं. म्हणजे ब्लॉकमधला चांगला डेटा आधी दुसरीकडे हलवायचा, ब्लॉक पुसायचा, मग नवीन लिहायचं. हे काम आतला छोटा कंट्रोलर करतो आणि ते चाललेलं असताना तुमची कॉपी थांबते, त्यालाच आपण शून्य म्हणून बघतो. पेनड्राईव्ह जितका भरलेला तितकं हे जास्त, कारण मोकळे ब्लॉक शिल्लकच नसतात. जवळपास भरलेल्या पेनड्राईव्हवर शेवटचे २ जीबी टाकायला बऱ्याच वेळा रिकाम्यापेक्षा जास्त वेळ लागतो, त्यामुळे थोडी जागा मोकळी ठेवायची सवय लावा.

आणि हो, पेनड्राईव्ह हाताला चांगलाच गरम लागत असेल तर काही पेनड्राईव्ह उष्णतेमुळे स्वतःहून वेग कमी करतात. नखाएवढे जे छोटे मेटलचे असतात त्यांच्यात उष्णता बाहेर जायला जागाच नसते. पंधरा-वीस जीबी टाकून झाले की थोडं थांबा, मग पुढचे टाका.

ग्राफ एकदम सपाट, ३०-४० एमबीवर अडकलेला

हा वेगळा प्रकार आणि हा दुरुस्त होतो. सपाट रेघ ३० ते ४०च्या मध्ये असेल तर समजायचं की पेनड्राईव्ह यूएसबी २ वर चालतोय. यूएसबी २ हे २०००चं स्टँडर्ड, कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे आठाने भागून ६० मेगाबाइट (एमबी), प्रत्यक्षात हातात ३०-४० पडतात. यूएसबी ३.० आलं २००८ मध्ये, ५ गिगाबिटचं. पुढे त्याचंच नाव ३.१ जेन १ झालं, मग ३.२ जेन १ झालं, वेग तोच राहिला, त्यामुळे दुकानदार '३.२ आहे, लेटेस्ट आहे' म्हणाला तरी जेन १ असेल तर तो २००८चाच वेग आहे हे समजून घ्या.

आधी पोर्ट बघा. यूएसबी ३च्या पोर्टात आत बहुतेक निळं प्लास्टिक असतं किंवा बाजूला एसएस असं छापलेलं असतं, पण निळा रंग सक्तीचा नाही, बऱ्याच लॅपटॉपमध्ये काळाच असतो, तेव्हा फक्त रंगावर जाऊ नका. मग पेनड्राईव्हच्या तोंडात बघा, चार मोठ्या पट्ट्या आणि त्यांच्यासोबत आणखी पाच छोटे पिन असतील तर तो ३चा आहे, फक्त चारच असतील तर तो २चाच, पाकिटावर काहीही असो.

इथे एक गंमतीची गोष्ट आहे जी फार कमी जणांना माहिती असते. जुन्या चार पिन आधी टेकतात आणि नवीन पाच नंतर, त्यामुळे पेनड्राईव्ह हळूहळू सरकवत लावला तर कधी कधी पीसी त्याला यूएसबी २ म्हणूनच ओळखतो आणि मग काढेपर्यंत तो तसाच चालतो. काढा, आणि एका झटक्यात पूर्ण आत जाईल असा लावा. पोर्टात धूळ असेल तरी हेच होतं, पाच छोट्या पिना नीट टेकत नाहीत. पीसी बंद करून कोरड्या मऊ ब्रशने साफ करायचं, ओलं काही घालायचं नाही.

नक्की कशावर चालतोय ते बघायचं असेल तर लिनक्सवर टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी कमांड डॅश टी लावून (lsusb -t) चालवा, पेनड्राईव्हच्या ओळीच्या शेवटी ४८०एम किंवा ५०००एम दिसेल. मॅकवर सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये यूएसबी उघडलं की स्पीड लिहिलेला असतो. विंडोजवर कधी कधी कोपऱ्यात मेसेज येतो की हे डिव्हाइस यूएसबी ३ला लावलं तर जास्त फास्ट चालेल, तो मेसेज आपण वाचायच्या आधीच बंद करतो, तो वाचत जा. जुन्या पीसीवर विंडोज ७ असेल तर त्यात यूएसबी ३चा ड्रायव्हर मुळात येत नाही, मदरबोर्ड कंपनीचा वेगळा टाकावा लागतो.

आणि ग्राफ सपाट पण १ एमबीवर? म्हणजे पेनड्राईव्ह १२ मेगाबिटच्या जुन्या मोडमध्ये गेलाय. हे बहुतेक खराब हब, सैल पोर्ट किंवा लांब हलकी एक्स्टेन्शन केबल यांच्यामुळे होतं. केबल फेका, थेट लावा. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टची वायर मदरबोर्डवर नीट बसलेली नसते, असेंबल केलेल्या पीसीमध्ये तर हे नेहमी सापडतं, म्हणूनच टेस्ट मागच्या पोर्टला करायला सांगितली.

मोठी फाईल बरी जाते, पण फोल्डर टाकला की जीव जातो

ही छोट्या फाईलींची समस्या आहे आणि लोक सगळ्यात जास्त इथेच वैतागतात. मोबाईलच्या व्हॉट्सॲप फोल्डरमध्ये हजारो छोटे फोटो, शाळेच्या ऑफिसात वर्षानुवर्षांच्या वर्ड-एक्सेलच्या फाईली, प्रोग्रामिंग शिकणाऱ्या पोरांचे प्रोजेक्ट फोल्डर ज्यात हजारो बारक्या फाईली असतात. एकूण साईज २ जीबी, वेळ मात्र तासभर. कारण प्रत्येक फाईलसाठी फक्त डेटा लिहून भागत नाही, तिचं नाव, तारीख, ती कुठे ठेवली त्याची नोंद, हे सगळं पेनड्राईव्हवरच्या वेगळ्या जागी लिहावं लागतं, म्हणजे एका ५० केबीच्या फोटोमागे दोन-तीन ठिकाणी लिहिणं, आणि वर सांगितलेलं पुसायचं काम प्रत्येक वेळी. स्वस्त कंट्रोलर सलग लिहायला जेमतेम पुरतो, असं इकडे-तिकडे लिहायला लागलं की तो बसतो. क्रिस्टलडिस्कमार्क हे फुकट सॉफ्टवेअर टाकून बघा, त्यात सलग राइटचा आणि ४ केबी रँडम राइटचा आकडा वेगळा दाखवतात. साध्या पेनड्राईव्हवर रँडमचा आकडा कित्येक वेळा १ एमबीच्याही खाली असतो, आणि तुमचा तासभर कुठे गेला ते तिथे कळतं.

उपाय साधा आहे, सगळ्या फाईलींची एक फाईल करा. ७-झिप या फुकट सॉफ्टवेअरमध्ये फोल्डरवर राइट क्लिक, ॲड टू आर्काइव्ह, आणि कॉम्प्रेशन लेव्हलला 'स्टोअर' निवडा. फोटो आणि व्हिडिओ आधीच दाबलेले असतात, ते परत दाबायला गेलात तर साईज कमी होत नाही, फक्त प्रोसेसर तापतो. ती झिप आधी पीसीच्या डिस्कवरच बनवा आणि मग पेनड्राईव्हवर टाका, म्हणजे सलग एकच फाईल जाते. पलीकडच्या पीसीवर पण ती पेनड्राईव्हवरच उघडत बसू नका, तिथल्या डिस्कवर कॉपी करा आणि मग एक्स्ट्रॅक्ट करा.

पण पार्टी जर पेनड्राईव्ह टीव्हीला लावून फोटो बघणार असेल तर झिपचा उपयोग नाही, त्यांना मोकळे फोटोच द्यावे लागतात. तेव्हा कॅमेऱ्याच्या रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाईली पेनड्राईव्हवर टाकूच नका, त्या त्यांना उघडता पण येत नाहीत आणि एकेक २५-३० एमबीची असते, फक्त जेपीजी द्या. वेळ निम्म्याहून खाली येईल.

अजून एक सवय आहे ती मोडा. एक फोल्डर टाकला, त्याची खिडकी चालू असताना दुसरा टाकला, मग तिसरा, असं तीन-चार कॉपी एकाच पेनड्राईव्हवर लावतात आणि वाटतं एकदम होईल. उलटं होतं. पेनड्राईव्हला एका वेळी एकच सलग काम झेपतं, तीन चालू असली की तो तिन्हींमध्ये उड्या मारत राहतो आणि तिन्ही लांबतात. एक संपू द्या, मग दुसरी लावा. रोबोकॉपी (विंडोजची कॉपीची कमांड) वापरणारे पण मल्टीथ्रेडचा, म्हणजे एकदम अनेक फाईली कॉपी करायचा पर्याय लावतात, नेटवर्कवर तो चांगला आहे, पेनड्राईव्हसाठी काढून टाका.

आणि हे पण तपासा की पेनड्राईव्ह स्लो आहे की जिथून कॉपी करताय तेच स्लो आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. जुन्या लॅपटॉपमधली ५४०० आरपीएमची हार्ड डिस्क भरलेली असेल तर छोट्या फाईली वाचतानाच तिची दमछाक होते. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये दोन्ही डिस्क बघा, ज्या डिस्कचा वापर १०० टक्के दाखवतोय तीच अडवतेय. मोबाईल केबलने लावून त्यातून थेट पेनड्राईव्हवर ओढणं तर अजिबात करू नका, आधी पीसीवर घ्या, मग पेनड्राईव्हवर.

१०० टक्के झालं तरी इजेक्ट होत नाही

हे लिनक्सवाल्यांना रोजचं. उबंटूवर कॉपी झटक्यात पूर्ण झाल्यासारखी दिसते, आणि इजेक्ट केलं की 'लिहिणं चालू आहे, काढू नका' असा मेसेज दहा मिनिटं हलत नाही. तो अडकलेला नाही. लिनक्स मोकळ्या मेमरीच्या साधारण २० टक्क्यांपर्यंत डेटा रॅममध्ये साठवून ठेवू शकतं, १६ जीबी रॅम असेल तर जवळपास ३ जीबी डेटा अजून पेनड्राईव्हवर गेलेलाच नसतो. टर्मिनलमध्ये सिंक (sync) कमांड द्या आणि ती परत येईपर्यंत थांबा. मधेच उपटलात तर शेवटच्या फाईली अर्धवट जातात, आणि ते घरी गेल्यावर पार्टीच्या टीव्हीवर कळतं.

विंडोजवर २०१८च्या १८०९ व्हर्जनपासून पेनड्राईव्हसाठी 'क्विक रिमूव्हल' हे डिफॉल्ट आहे, म्हणजे डेटा रॅममध्ये फार साठवत नाहीत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्क ड्राइव्हज, तुमचा पेनड्राईव्ह, पॉलिसीज, तिथे 'बेटर परफॉर्मन्स' निवडता येतं. छोट्या फाईलींना थोडा फायदा होतो, पण मग प्रत्येक वेळी सेफली रिमूव्ह करावंच लागतं. चार जणांच्या हातात जाणाऱ्या पेनड्राईव्हला हे करू नका असं माझं स्पष्ट मत आहे, कुणीतरी एक जण उपटतोच.

फॉरमॅट, अँटीव्हायरस वगैरे

फॅट३२ आणि एक्सफॅट हे पेनड्राईव्ह फॉरमॅट करायचे प्रकार आहेत. फॅट३२वर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल जात नाही, तेवढ्यासाठी एक्सफॅट करायचं. जुन्या कार स्टिरिओला किंवा भजनाच्या स्पीकरला लावायचा असेल तर मात्र फॅट३२च ठेवा, तिथे बऱ्याच वेळा एक्सफॅट चालत नाही. क्विक फॉरमॅटने चिप काही नवी होत नाही, बहुतेक पेनड्राईव्हमध्ये कंट्रोलरला कळतच नाही की या जागा आता रिकाम्या आहेत. आणि फुल फॉरमॅट तर अख्ख्या पेनड्राईव्हवर परत लिहितं, म्हणजे उगाच झीज.

अँटीव्हायरस प्रत्येक फाईल तपासतो त्यामुळे छोट्या फाईलींना वेळ लागतो हे खरं, पण तो बंद करू नका. झेरॉक्सच्या दुकानात एकदा लावून आणलेल्या पेनड्राईव्हमध्ये शॉर्टकट व्हायरस किती सहज येतो ते सगळ्यांनी बघितलंय. एक झिप केली की तपासणीचा वेळही वाचतो, तेवढं पुरे.

पेनड्राईव्हच खोटा किंवा संपलेला

काहीशे रुपयांत १ टीबी, २ टीबीचा पेनड्राईव्ह मिळतो तो खोटा असतो. आत छोटीशी चिप असते आणि कंट्रोलरला खोटी साईज सांगायला लावलेली असते, खरी जागा भरली की पुढचा डेटा एकतर हवेत जातो किंवा जुन्यावर लिहिला जातो, फाईलींची नावं दिसतात पण उघडत नाहीत. वेगही भयंकर कमी असतो. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफ३ ही फुकट टूल्स आहेत, पूर्ण जागेत डेटा लिहून परत वाचून बघतात. मोठ्या पेनड्राईव्हला कित्येक तास लागतात, पण नवीन पेनड्राईव्हवर कुणाच्या लग्नाचा डेटा टाकायच्या आधी हे एकदा कराच, डेटा गेल्यावर दुकानदार फार तर पेनड्राईव्ह बदलून देईल.

जुना पेनड्राईव्ह जो आधी चांगला चालायचा आणि आता प्रत्येक कॉपीला अडकतो, मधेच निघून परत लागल्याचा आवाज येतो, किंवा अचानक 'राइट प्रोटेक्टेड' म्हणतो, तो संपत आलाय. फ्लॅशचा प्रत्येक ब्लॉक ठरावीक वेळाच पुसता येतो, त्यानंतर काही कंट्रोलर लिहिणं बंद करून फक्त वाचू देतात. वाचता येतंय तोवर सगळं काढून घ्या, त्यावर रिपेअर टूल चालवत बसू नका.

घेताना काय बघायचं

वेळेचा हिशोब घालून घ्या. ३२ जीबी डेटा सेकंदाला ५ एमबीने जायला पावणेदोन तासांच्या वर लागतात, २० एमबीने सत्तावीस मिनिटं, १०० एमबीने साडेपाच मिनिटांच्या आत. पार्टीला एकदाच द्यायचा असेल तर साधा पेनड्राईव्ह चालतो, रात्री कॉपी लावून ठेवा. पण तुमचं स्वतःचं रोजचं काम असेल, प्रोजेक्ट इकडून तिकडे न्यायचे असतील, तर ज्याचा राइट स्पीड स्पष्ट लिहिलेला आहे तोच घ्या, किंवा सरळ छोटा पोर्टेबल एसएसडी घ्या. त्याच्या कंट्रोलरला छोट्या फाईली पण झेपतात आणि लांब कॉपीत तो सहसा असा अचानक बसत नाही. आणल्यावर लगेच, बिल हातात असतानाच, वरची ३ जीबीची टेस्ट आणि नंतर १० जीबीचा छोट्या फाईलींचा फोल्डर असं दोन्ही टाकून बघा, ग्राफचा फोटो काढून ठेवा. सहा महिन्यांनी स्लो वाटला की त्याच फाईलींनी परत बघता येतं की खरंच बिघडलाय की फक्त भरलाय.